होजवरचा डाग आणि त्याचा ठावठिकाणा

नागपुराहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा शहर मागे टाकून वैनगंगा ओलांडतो आणि पैलतीरी कारध्याला पोहोचतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, बाभळीच्या विरळ सावलीत तिष्ठत बसलेले कुटुंब आणि इंजिनावर ओणवा झालेला मालक हे दृश्य इतके परिपाठाचे झाले आहे की जाणारा-येणारा त्याकडे मान वळवून पाहतही नाही. त्या ओणव्या मालकाची दृष्टी बहुधा एकाच वस्तूवर खिळलेली असते, आणि ती म्हणजे रेडिएटर व इंजिन यांना जोडणारा, दोन-तीन बोटे जाडीचा रबरी होज पाइप. कधी काळी कुळकुळीत असलेल्या त्या होजच्या टोकाशी पांढुरके कडे धरलेले असते, क्लिपेखाली हिरवट ओघळ सुकलेला असतो, क्वचित तांबूस चट्टाही दिसतो. आणि एवढा पुरावा हाती आला की खटला जागच्या जागी निकालात निघतो. होज खराब झाला, बदलून टाका!

होज बदलला जातो, आणि चार-सहा महिन्यांत नव्याकोऱ्या होजवर त्याच जागी तेच कडे उगवते. याच्या उलट, ज्याच्यावर डागाचा लवलेशही नव्हता असा तुकतुकीत होज एखाद्या दिवशी लाखनीच्या अलीकडे अकस्मात फाटतो आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उसळतो. डागाळलेला टिकतो आणि निष्कलंक दगा देतो, ही विसंगती केवळ दैवाची लीला म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. आपण रंग पाहतो आणि रंगाचे ठिकाण पाहत नाही, एवढीच आपली चूक असते.

वैनगंगेचा पूर ओसरल्यावर कारध्याच्या पुलाच्या खांबांवर गाळाची रेघ उरते. तिच्या रंगावरून फार तर कोठली माती वाहून आली हे कळेल. पूर किती मोठा होता हे मात्र रेघेच्या उंचीवरूनच सांगता येते. येथे धोक्याची पातळी ठरलेली आहे, आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने ती ओलांडली, हे सांगताना कोणी गाळाच्या रंगाचा दाखला देत नाही. होजवरील डागाचेही तसेच आहे. तो टोकाशी आहे की मध्यावर, बाहेरून आहे की आतून, एकाच अंगाला आहे की सर्वांगाला, एवढ्या गोष्टी आधी ठरवाव्यात आणि मगच तो पांढरा की हिरवा याचा विचार करावा.

होजमधून काय वाहते आणि किती दाबाने

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या एकंदर उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाच्या अंगात मुरतो. तो वेळीच बाहेर काढला नाही तर सिलिंडरांवर बसविलेले हेड वाकते आणि पिस्टन पकडतात. म्हणून इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून पाणी व ग्लायकोल यांचे मिश्रण, म्हणजेच कूलंट, अखंड फिरविण्याची तजवीज केलेली असते. गॅरेजात ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो पंप हे मिश्रण ढकलतो. ते सुमारे ८२ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापले की थर्मोस्टॅट नावाचा झडपवजा दरवाजा उघडतो, आणि बहुतेक गाड्यांत तप्त कूलंट वरच्या होजवाटे रेडिएटरमध्ये जाऊन, तेथे निवून, खालच्या होजवाटे इंजिनाकडे परततो. वरच्या होजवर उष्णतेचा मारा अधिक, तर खालच्यावर पंपाच्या शोषणाचा ताण अधिक. याच कारणाने पुष्कळ गाड्यांच्या खालच्या होजमध्ये तो चिमटू नये म्हणून तारेची स्प्रिंग बसविलेली असते.

विदर्भातील उन्हाळा या व्यवस्थेची कसोटी पाहतो. नागपुरास २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल तर दोहोंत ६५ अंशांचे अंतर पडते. हवा ४७ अंशांवर गेली की ते ४८ अंशांवर येते. रेडिएटरमधून उष्णता बाहेर पडते ती याच अंतराच्या जोरावर, म्हणजे हिवाळ्यात सुस्थितीत भासणारा रेडिएटर वैशाखात जवळजवळ चतुर्थांशाने दुबळा ठरतो. हिवाळाभर मुकाट राहिलेला दोष मे महिन्यातच तोंड वर काढतो, याचे रहस्य एवढेच आहे.

यावर तोड म्हणून कूलंट दाबाखाली ठेवतात. भंडाऱ्याच्या उंचीवर साधे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळू लागते. पाणी व ग्लायकोल निम्मे-निम्मे घेतले तर हा बिंदू १०७ अंशांच्या जवळ जातो. आणि रेडिएटरच्या झाकणाने वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब कोंडून धरला तर तो १२५ अंशांच्या पलीकडे सरकतो. होज हा असा दाबाचा द्रव वाहणारा भाग आहे. म्हणूनच त्याच्या टोकाशी केसाएवढी फट राहिली तरी कूलंट तेथून पाझरल्यावाचून राहत नाही, आणि म्हणूनच इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडणे हा शुद्ध आत्मघात आहे. तसे करताच दाब सुटून आतला द्रव क्षणार्धात उकळतो आणि चेहऱ्यावर व हातांवर उसळतो.

मूळचा काळा रंग

चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधकाच्या योगे रबर पक्के करण्याची युक्ती शोधून काढली, तेव्हापासून नैसर्गिक रबराचा उपयोग यंत्रांत होऊ लागला. परंतु हे रबर हवेतील ओझोनने तडकते आणि दीर्घकाळच्या उष्णतेने निकामी होते. आजचे बहुतेक होज इथिलीन व प्रॉपिलीन या वायूंपासून घडविलेल्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. अशी द्रव्ये घडविण्याचा मार्ग ज्या संशोधनाने खुला केला त्याबद्दल झीग्लर आणि नत्ता या दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रबराची रेणुसाखळी ओझोनला दाद देत नाही आणि गरम पाण्यालाही बधत नाही. त्याचे वैर आहे ते खनिज तेलाशी. तेल लागले की ते फुगते, मऊ पडते आणि चिकट होते.

होजचा काळा रंग रबराचा नव्हे, तर त्यात मिसळलेल्या काजळीचा असतो. ही काजळी रबराला बळकटी देते, उन्हापासून राखते आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, एका विचित्र अनर्थालाही कारण होते. रबराच्या आतल्या व बाहेरच्या थरांमध्ये सुताची विणलेली जाळी दडलेली असते. दाब सोसते ती ही जाळी. रबर केवळ द्रव अडवून धरते.

टोकाशी पांढरे

सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत अधिक गैरसमज पसरविणारा डाग म्हणजे क्लिपेलगतचे पांढरे कडे. त्याचे अर्थ तीन होऊ शकतात आणि तिन्हींची दवा निरनिराळी आहे.

पहिला अर्थ असा की कूलंट थेंबाथेंबाने पाझरतो आहे. त्यातील पाणी गरम धातूवर उडून जाते आणि विरघळलेले क्षार, म्हणजे गंज रोखण्यासाठी घातलेले सिलिकेट, फॉस्फेट वगैरे, मागे उरतात. हा थर बहुधा कूलंटच्या रंगाची छटा घेऊन येतो, म्हणजे हिरवा कूलंट असेल तर हिरवट आणि गुलाबी असेल तर गुलाबट. आणि कोमट पाण्याच्या फडक्याने तो बराचसा निघून जातो. दुसरा अर्थ असा की गाडीत बोअरिंगचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले गेले आहे आणि त्यातील चुन्याचे क्षार उष्णतेने साक्यात रूपांतरित झाले आहेत. इंजिन थंड असताना या पापुद्र्याचा कण नखाने उकरून बशीत घ्यावा आणि त्यावर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे सुटले तर तो चुनाच समजावा. असा चुना बाहेर दिसतो तेव्हा आत, रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत, तो कितीतरी अधिक साचलेला असतो, आणि हा थर उष्णता वाहून नेण्यात अत्यंत मठ्ठ असल्याने खरा अपराधी होज नसून ते पाणी आहे.

तिसरा अर्थ अधिक गंभीर आहे. होज काढल्यावर रेडिएटरच्या किंवा थर्मोस्टॅटच्या अॅल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी भुकटी आढळली आणि ती पुसल्यावर खाली धातू खडबडीत, सुईने टोचल्यासारखा खाचाळलेला दिसला, तर अॅल्युमिनियम झिजू लागले आहे. अशा खडबडीत तोंडावर कितीही नवा होज चढविला आणि क्लिप कितीही आवळली तरी खाचांतून गळती चालूच राहते. बदललेल्या होजवर चार महिन्यांत पुन्हा कडे का उगवते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. ते तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करावे, आणि खाचा खोल असतील तर तो भागच बदलावा. क्लिपेवर जोर काढून काहीही साधत नाही, उलट रबर कापले जाते.

पांढरेपणाचा एक निरुपद्रवी प्रकारही आहे. संपूर्ण होजवर सारखी पसरलेली, बोटाने पुसताच जाणारी धुरकट साय म्हणजे रबरातील मेण व रसायने पृष्ठभागी आल्याची खूण. तिची दखलही घेऊ नये. बॅटरीच्या बाजूलाच, एकाच अंगाला पांढरे डाग पडले असतील तर ते आम्लाच्या वाफेचे असतात, आणि तेथे औषध बॅटरीला हवे.

हिरवे आणि तांबूस

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या परिसरात हिरव्या डागाची ओळख वाचकांस करून द्यावी लागू नये. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, आणि क्लिपेखालच्या ओलाव्याने त्यांच्या तोंडावरही तोच कळंक धरतो. २०१४ साली जिचे उत्पादन थांबले त्या अॅम्बॅसडर गाडीत हा देखावा हमखास दिसे. आजच्या गाड्यांत रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचे व त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असल्याने हिरवा डाग कळंकाचा नसून नुसत्या कूलंटच्या रंगाचा असण्याचा संभव अधिक. धातूला घट्ट चिकटून राहतो तो कळंक, आणि पाण्यात विरघळून जातो तो रंग.

तांबूस किंवा विटकरी रंगाच्या बाबतीत आतले आणि बाहेरचे हा भेद निर्णायक ठरतो. बाहेरचा तांबूस थर बव्हंशी मुरमाच्या रस्त्यांवरील चिखलाचा असतो, क्वचित लोखंडी क्लिपेच्या गंजाचा. पाण्याने धुऊन पाहावे आणि विषय मिटवावा. पण होज काढल्यावर त्याच्या आतल्या अंगाला विटकरी गाळ बसलेला दिसला, तर ते इंजिनाच्या ओतीव लोखंडाचे गंजलेले अंश आहेत. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये घातलेली असतात ती खर्ची पडतात; त्यांची मुदत साध्या प्रकारात दोनेक वर्षांची, तर सेंद्रिय आम्लांच्या प्रकारात पाचेक वर्षांची मानतात. या मुदतीकडे दुर्लक्ष झाले, किंवा पातळी उतरली की नुसते पाणी ओतून वेळ भागविली गेली, तर लोखंड उघडे पडते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळणेही हिताचे नाही, आणि कूलंटच्या रंगावरून प्रकार ओळखता येतो हा समज तर साफ चुकीचा आहे. रंग ही निव्वळ कंपनीची मर्जी. डब्यावरचा मजकूर वाचावा.

चौकट : बॉनेट उघडल्यावर

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. झाकणाला हात त्यानंतरच लावावा. डाग पुसण्यापूर्वी त्याची जागा नीट पाहून ठेवावी, कारण पुसला की पुरावा गेला. क्लिपेच्या खाली कोरडा कागद फिरवून ओल तपासावी. होज टोकाशी आणि मध्यावर असा दोन्ही ठिकाणी दाबून त्यांतील फरक अजमावावा. सकाळी वरचा होज चिमटलेला आढळला, तर झाकणातील निर्वाताची झडप अडकली आहे. थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात होज दगडासारखा ताठ झाला, तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरत आहे आणि हेडखालच्या पट्टीचा, म्हणजे हेड गॅस्केटचा, संशय घ्यावा.

दुधाळ, तेलकट, काचेसारखे

आतल्या अंगाला कॉफीच्या रंगाची, दाट सायीसारखी चिकट घाण आढळली तर इंजिनातील तेल कूलंटमध्ये मिसळले आहे. हेड गॅस्केट फुटणे हे त्याचे नित्याचे कारण. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असल्याने ती गळूनही असेच, परंतु गुलाबट, दूध बनते. अशा तेलात भिजलेला होज फुगतो, बिलबिलीत होतो आणि पुन्हा सुधारत नाही. बाहेरून तेल ठिबकले असेल तर होज एकाच अंगाला, तेल पडते तेथेच, फुगलेला दिसेल. याउलट सायलेन्सरच्या गरम नळाकडील अंग तेवढे काचेसारखे चकाकते, टणक लागते आणि वाकविल्यावर बारीक भेगा दाखविते. तो उष्णतेने करपलेला होज होय. मऊ पडणे तेलाचे, कडक होणे उष्णतेचे, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे निदान बोटांनीच होते.

निष्कलंक होज का फुटतो

आता मूळच्या कोड्याकडे वळू. इंजिनाचे लोखंड अथवा अॅल्युमिनियम, रेडिएटरचा निराळा धातू आणि दोहोंमध्ये विद्युत् वाहू शकणारा द्रव, हे बॅटरीचे साहित्य आपसूकच जमलेले असते. रबर वीज वाहत नाही. परंतु काजळीने भरलेले रबर थोडीबहुत वाहते, आणि त्यामुळे होजही या सूक्ष्म विद्युत्-व्यवहारात ओढला जातो. त्या प्रक्रियेने होजच्या आतल्या भिंतीवर, धातूच्या तोंडाच्या लगत, लांबीच्या दिशेने केसासारख्या भेगा पडू लागतात. भेगांतून कूलंट आत मुरतो आणि सुताच्या जाळीपर्यंत पोहोचतो. वातीत तेल चढावे तसा तो त्या सुतातून पुढे सरकतो आणि सूत कुजवितो. या सर्व काळात बाहेरचा थर शाबूत, काळाभोर आणि देखणा राहतो. मग एखाद्या दुपारी, चढावर, दाब परमावधीला गेला असता जाळी हार मानते आणि होज टोकापासून वीतभर उसवतो.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. थंड इंजिनावर क्लिपेपासून दोन-तीन बोटांच्या अंतरात होज अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चिमटीत धरावा, आणि मग तसाच मध्यावर धरावा. टोक मध्यापेक्षा स्पष्टपणे मऊ लागले, किंवा आतल्या बाजूस घळी पडल्याची जाणीव झाली, तर होज कितीही देखणा असो, त्याला रजा द्यावी. ही परीक्षा पुरी व्हायला वर्तमानपत्राचा एक स्तंभ वाचण्याएवढा वेळही लागत नाही; तरीही ती क्वचितच केली जाते, कारण आपला सारा विश्वास डोळ्यांवर.

बदलायचे तर कोणत्या क्रमाने

पैसे सर्वांत आधी होजवर खर्च करण्याची प्रथा मला तरी उलटी वाटते. सर्वांत स्वस्त वस्तू झाकण. त्याचे रबर कडक झाले असेल किंवा झडप चिकटली असेल तर ते प्रथम बदलावे. त्यानंतर जुना कूलंट काढून, आत गाळ वा चुना असेल तर संपूर्ण व्यवस्था धुऊन घ्यावी, धातूची तोंडे साफ करावीत, आणि मगच नवा होज चढवावा. गाळ आत तसाच ठेवून नवा होज बसविण्यात काही हशील नाही. कूलंट डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करावा, विहिरीच्या वा बोअरिंगच्या नव्हे. क्लिप होजच्या टोकाला भिडवून न लावता किंचित आत, धातूच्या उंचवट्याच्या मागे बसवावी.

काढलेला जुना कूलंट उघड्यावर किंवा बांधाच्या कडेला ओतू नये. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करते. कुत्री आणि गुरे त्या गोडीला भुलतात. तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, गॅरेजवाल्याकडे सोपवावा.

होज बदलल्यावर इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड होऊ द्यावे आणि क्लिपा पुन्हा तपासाव्यात, कारण पहिल्या उष्णतेने रबर बसते आणि आवळ सैल पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी राखीव बाटलीतील पातळी खुणेशी ताडून पाहावी. अडकलेली हवा निघून गेल्याने ती एकदा उतरणे साहजिक आहे, तेवढी भर घालावी. मात्र पुढेही ती उतरतच राहिली आणि बाहेर कोठेही ओल, कडे किंवा ओघळ सापडला नाही, तर कूलंट सिलिंडरात जाऊन जळतो आहे, असा संशय धरून होजचा नाद सोडावा आणि हेड उघडण्याच्या तयारीस लागावे.